बाळाला आधी ऊब, मग अंघोळ

घरात बाळंतपण जवळ आलेल्या सगळ्यांना, विशेषतः आज्यांना, एक कळकळीची विनंती आहे. बाळ जन्मलं की लगेच त्याला न्हाऊ घालू नका. पहिली अंघोळ किमान 24 तासांनंतर घाला, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

यामागचं गणित स्वयंपाकघरातच पाहता येतं. उकडलेल्या बटाट्याचा 2 सेंटीमीटर बाजूचा चौकोनी तुकडा घ्या. त्याच्या सहाही बाजू मिळून पृष्ठफळ 24 चौरस सेंटीमीटर. आता तो तिन्ही दिशांनी मधोमध कापा. आठ तुकडे होतील. बटाटा तेवढाच, पण एकूण पृष्ठफळ 48! म्हणूनच बारीक फोडी लवकर निवतात. आकार तोच ठेवून लांबी निम्मी केली, तर पृष्ठफळ चौथाईवर येतं, घनफळ मात्र आठव्या हिश्श्यावर. उष्णता साठते घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून.

बाळाचंही तेच. 3 किलोच्या बाळाची त्वचा सुमारे 0.2 चौरस मीटर असते, तर 60 किलोच्या माणसाची साधारण 1.65. म्हणजे किलोमागे हिशेब केला, तर बाळाची त्वचा आपल्या अडीच पट भरते. त्यातून अंगावर चरबी कमी, आणि आपल्यासारखं कुडकुडून ऊब आणणंही त्याला जमत नाही. पंख्याखाली आपल्याला बरं वाटतं, तिथे ओलं बाळ गारठतं. वजन अडीच किलोच्या आत असेल, तर धोका आणखी वाढतो.

म्हणून जन्मताच बाळाला कोरडं करा, ओलं फडकं लगेच बदला, टोपडं घाला आणि आईच्या उघड्या छातीशी धरा. आई दमली असेल, तर बाबांनी घ्यावं. त्यांच्या अंगाचीही ऊब तितकीच चालते. अधूनमधून हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पाय आणि पोट चाचपून पाहा. पाय गार लागले, तर ऊब वाढवा. पोटही गार लागलं, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

लहान अंग तापतंही तितक्याच लवकर. त्यामुळे उन्हाळ्यात दुपटी-गोधड्यांचे थर नकोत. बंद खोलीत शेगडी तर कधीच नको. तिचा विषारी वायू जीव घेतो.

ओळखीत कुणाचे दिवस भरत आले असतील, तर हे आजच त्यांच्या घरी सांगा.