दीड वर्षात तिसरा चष्मा

एसटी स्टँडसमोर माझं चष्म्याचं दुकान आहे, तीस वर्षांचं. मे महिन्यात दहावी झालेला एक मुलगा आईबरोबर आला. डाव्या डोळ्याचा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, पुन्हा वाढलेला, त्याचा कोन, म्हणजे ॲक्सिसही फिरलेला. रेटिनोस्कोपमध्ये कात्रीच्या पात्यांसारखी हलणारी छाया. म्हटलं, "ताई, आज चष्मा देत नाही. आधी मोठ्या दवाखान्यात कॉर्नियाचा स्कॅन करून आणा." दीड वर्षातले आधीचे दोन्ही चष्मे मीच विकले होते, हे त्यांना आठवत होतं. मलाही.

मला संशय होता त्या आजाराचं नाव केरॅटोकोनस. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. बहुतेकदा किशोरवयात सुरू होतो, तिशीच्या पुढेमागे मंदावतो. ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या मुलांत जास्त दिसतो. एक डोळा आधी बिघडतो, दुसरा निभावून नेतो, म्हणून घरात कळत नाही. दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा असाही नाही. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत २००६-०८ मध्ये झालेल्या पाहणीत तिशीपुढच्या शंभरांत दोघांहून अधिक जणांच्या कॉर्नियाचा बाक या आजाराइतका निघाला होता.

स्कॅन झाला, डॉक्टरांनी सी-थ्री-आर सुचवलं आणि आई पुन्हा माझ्याकडे आली. "नंबर जाणार नसेल तर ऑपरेशन कशाला?"

सगळं घोडं इथेच पेंड खातं. सी-थ्री-आरमध्ये कॉर्नियाचा वरचा नाजूक थर काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचे थेंब घालतात, मग अतिनील किरण सोडतात. आतले तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. मी त्यांना म्हटलं, "बांध फुटायच्या आत दगड लावतो ना, तसं. वाहून गेलेली माती नाही परत येत." पण नेहमीच्या पद्धतीला कॉर्निया निदान ४०० मायक्रॉन जाड लागतो. थांबलात तर तो त्याहून पातळ होतो आणि ही वेळही निघून जाते. मग नजरेसाठी कडक किंवा स्क्लेरल लेन्स, काहींना आत बसवायच्या रिंगा, अन् शेवटी कुणाच्या तरी नेत्रदानाची वाट. स्क्लेरल लेन्स उत्तम. किंमत मात्र आमच्या गिऱ्हाइकाच्या खिशाबाहेरची.

म्हणून दुकानदार भावांशी भांडायचंय. विशीच्या आतल्या पोराचा सिलिंडर वर्षात दोनदा बदलला, तर काच विकू नका, पाठवा. एका चष्म्याचा नफा बुडेल, बुडू दे.

मुलाचं सी-थ्री-आर झालं. काही महिने नजर वरखाली झाली, मग चष्मा मीच बनवला. परवा तो सहज आला होता. बोलता बोलता मनगटाने डोळा चोळायला लागला. मी काउंटरवरूनच त्याचा हात धरला.