पाठ सांभाळा, पेढी सांभाळली जाईल

यंत्रमागाचा पट्टा सैल झाला की मागवाला त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावतो. शिलाई मशीन जड चालू लागली की दर्जी आधी तिला तेल देतो आणि मगच पुढचा कपडा हाती घेतो. पण हीच माणसे स्वतःची मान आखडली, खांदा भरून आला, कंबर धरली तर काय करतात? शेजारच्या मेडिकलमधून दुखीची गोळी आणतात, चहाबरोबर घेतात आणि पुन्हा कामाला बसतात. यंत्राला आपण जी वागणूक देतो, तेवढीही आपल्या शरीराला देत नाही.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. लहान व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे पहिले भांडवल बँकेत नसते. ते त्याच्या दोन हातांत आणि पाठीच्या कण्यात असते. हे भांडवल बुडाले तर कोणतीही पतपेढी ते पुन्हा उभे करून देत नाही.

काळजी शरीरात उतरते

थकलेली उधारी, बँकेचा हप्ता, सुताचे चढउतार, ईदच्या तोंडावर अडकलेली ऑर्डर, ही काळजी फक्त मनात राहत नाही. 2016 ची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी आणि 2020 ची टाळेबंदी यांतून जे निभावून गेले, त्यांना हे सांगावे लागू नये. संकट आले की शरीर लढण्याच्या तयारीत उभे राहते. अड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात, नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, जबडा आवळला जातो, मान आणि खांद्यांचे स्नायू ताठतात. समोर वाघ असता तर ही तयारी कामाला आली असती. पण समोर असते वहीतली बाकी. ती महिनोन्महिने तशीच राहते आणि स्नायूही तसेच ताठलेले राहतात. त्यातून डोके जड होणे, मान न वळणे, झोप उडणे, पित्त उसळणे अशी एकेक तक्रार सुरू होते.

त्यात आपल्या धंद्यांची बैठक भर घालते. जरीकाम करणारा अड्ड्यावर तासन् तास वाकलेला असतो. दर्जी मान खाली घालून बसतो. हमाल एकाच खांद्यावर गाठी उचलतो. गल्ल्यावरचा दुकानदार दिवसभर एका कुशीवर कलून बसतो. काळजी आणि बैठक दोन्ही मिळून एकाच जागी घाव घालतात.

यावर रोज गोळी घेणे हा महागडा सौदा आहे. दुखीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेतल्या तर जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडे खराब होऊ शकतात. आज वाचलेले चार पैसे उद्या व्याजासह मोजावे लागतात.

हाताचा इलाज आपल्याला नवा नाही

अंग रगडणे, पाय चेपणे, तेल चोळणे, शेक देणे हे आपल्या घराघरांत होते. युनानी वैद्यकात तर यासाठी स्वतंत्र शाखाच आहे. तिला इलाज बित् तदबीर म्हणतात. दलक म्हणजे मालीश, तकमीद म्हणजे शेक, हम्माम, रियाजत म्हणजे व्यायाम आणि हिजामा हे सारे तिच्यात येते. हिजामालाच आपल्या खेड्यांत तुंबडी लावणे म्हणतात. 1037 मध्ये निधन पावलेल्या इब्न सीना यांनी आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात मालीशचे प्रकार वेगळे करून सांगितले आहेत. जोरकस मालीश अंग घट्ट करते, हलकी मालीश ते सैल करते, फार वेळ केलेली मालीश अंग झडवते आणि बेताची मालीश ते भरून आणते. याचा अर्थ एवढाच की, जितका जोर जास्त तितका फायदा जास्त, हा आपला समज हजार वर्षांपूर्वीच खोडून काढलेला आहे.

हाताच्या या कलेवर धंदा उभा करणारा एक माणूस आपल्या व्यापाऱ्यांनी माहीत करून घ्यावा. शेख दीन मुहम्मद हे 1759 मध्ये पाटण्यात जन्मले. 1810 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचे कॉफीगृह उघडले. दोन वर्षांत दिवाळे निघाले. पण त्यांनी हाय खाल्ली नाही. ते ब्रायटन गावी गेले आणि तेथे वनस्पतींच्या वाफेचे स्नान व चंपी यांचे हम्माम चालवू लागले. लोक आधी हसले. मग दुखणेकरी बरे वाटून परतू लागले आणि पुढे खुद्द राजे चौथे जॉर्ज यांनी त्यांना आपल्या सेवेत नेमले. इंग्रजीतला शॅम्पू हा शब्द आपल्या चांपणे, चंपी यांच्याच कुळातला आहे. आणि आपण मात्र चौपाटीवर तेलाच्या बाटल्या वाजवत फिरणाऱ्या मालीशवाल्याकडे 'प्यासा'तला जॉनी वॉकर आठवून हसण्यापलीकडे पाहत नाही.

आजचे वैद्यकशास्त्र काय म्हणते? चांगल्या मालीशने ताठलेले स्नायू सैल होतात, श्वास खोल होतो, मन निवते आणि झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि दुखण्याची नीट समज देणे यांच्या जोडीला मालीशसारख्या हाताच्या उपचारांनाही जागा आहे. पण आपल्यातले अनेक जण अभिमानाने बांधतात तो कमरेचा पट्टा मात्र नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये, असेच त्यात म्हटले आहे. हेही खरे की मालीशचा आराम काही दिवसांचा असतो. त्या दिवसांत चालणे, मान-खांदे फिरवणे, पाठीचे व्यायाम यांची सवय लावली नाही, तर दुखणे पुन्हा दुकान उघडून बसते.

कोठे थांबायचे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका कापड व्यापाऱ्याचा डावा खांदा दुखू लागला. सीझनचे दिवस होते. गाठी उचलल्याने उसण भरली असेल, असे म्हणून त्यांनी दोन दिवस खांदा चोळून घेतला. तिसऱ्या दिवशी घाम फुटला, तेव्हा मुलाने दवाखान्यात नेले. ते दुखणे खांद्याचे नव्हते, हृदयाचे होते. ते वाचले, पण दोन दिवस फुकट गेले आणि त्या दोन दिवसांची किंमत त्यांचे हृदय आजही देत आहे.

म्हणून हे ध्यानात ठेवावे. छाती, डावा हात, खांदा किंवा जबडा दुखत असेल आणि सोबत घाम, धाप किंवा मळमळ असेल तर मालीश नाही, ताबडतोब दवाखाना. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा पडल्याचा मार असेल तर आधी डॉक्टर. दाढीनंतर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेण्याची हौस कायमची सोडावी. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. हिजामा करवून घ्यायचा तर नोंदणी असलेल्या हकिमाकडूनच. पाते आपल्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून निघाले पाहिजे, कारण वापरलेल्या पात्यातून कावीळ आणि एड्सचे विषाणू पसरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, पंडुरोग्यांनी आणि मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

घरातल्या पाठीचे काय?

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. आपण रात्री घरी जातो आणि मुलगा किंवा बायको पाय चेपून देते. पण घरात बसून शिलाई, बिड्या वळणे, जरीकाम करणाऱ्या आपल्या आया-बहिणींचे पाय कोण चेपते? त्यांची कमाई वहीत लिहिली जात नाही, म्हणून त्यांचे दुखणेही मोजले जात नाही. त्यांच्यासाठी स्त्री फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्री हकीम शोधणे ही घरातल्या कर्त्याची जबाबदारी आहे. आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यायला तर कोणत्याच पदवीची गरज नसते.

संघटनांनी पुढे यावे

आमची सूचना अशी आहे. व्यापारी संघटना, जमाती आणि कारागिरांच्या सोसायट्या यांनी महिन्यातून एक दिवस आपल्या हॉलमध्ये पाठ-मान तपासणीचे शिबिर ठेवावे. मुंबई, मालेगाव, पुणे, जळगाव येथे युनानी महाविद्यालये आहेत, शहरोशहरी फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांना बोलवावे. पुरुषांची आणि स्त्रियांची वेळ वेगळी ठेवावी. कारखानदारांनी कारागिराच्या बैठकीची उंची बदलून द्यावी आणि तासाभराने पाच मिनिटे उठण्याची सूट द्यावी. पाच मिनिटांत माल कमी निघत नाही, उलट संध्याकाळच्या चुका कमी होतात.

आणि ज्या तरुणांच्या हातात ही कला आहे, त्यांनी ती अर्धवट ठेवू नये. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत न्हावी आणि दर्जी दोन्ही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. स्वच्छ खुर्ची, धुतलेला टॉवेल आणि नको तेथे हात न लावण्याची अक्कल, एवढ्या भांडवलावर सचोटीचा धंदा उभा राहू शकतो.

शेवटी एक कबुली. मालीशने उधारी वसूल होत नाही. वही नीट ठेवणे, ऐपतीबाहेर माल न उचलणे, व्याजाच्या फेऱ्यात न अडकणे, हाच काळजीवरचा मूळ इलाज आहे. पण तो इलाज करायलाही ताठ कणा आणि शांत डोके लागते. उद्या सकाळी शटर उघडण्यापूर्वी दहा मिनिटे त्या कण्यासाठी द्या. सौदा तोट्यात जाणार नाही.