बिल काढण्याआधी मजुरांचा हजेरीपट मागा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, जालना



जिल्हा परिषद शाळेची एखादी खोली बांधून होते, तेव्हा तिच्यातल्या बहुतेक गोष्टींचा कागद बांधकाम विभागाकडे आलेला असतो. काँक्रीटचे ठोकळे 7 व्या आणि 28 व्या दिवशी प्रयोगशाळेत फोडले जातात. सळईचा चाचणी अहवाल लागतो. पाया किती खोल गेला, गिलावा किती चौरस मीटर झाला, हे मोजमाप पुस्तकात (एम.बी.त) चढते आणि त्यावर अभियंत्याची सही होते. त्याच खोलीवर घमेली वाहणाऱ्या बाईला दिवसाचे किती रुपये मिळाले, याचा कागद त्या फायलीत असतो का? त्या एका कागदासाठी हे पत्र आहे.

आपल्याकडे गुत्तेदारी कशी चालते, हे तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असेल. अंदाजपत्रक राज्य दरसूचीवरून बनते. तिच्यातला दर सामान, यंत्र आणि मजुरी जोडून काढलेला असतो, म्हणजे मजुराचे पैसे शासनाने आधीच धरलेले असतात. मग निविदा निघते आणि गुत्तेदार बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाहून कमी दराने, भरतात. समजा, 10 लाखांच्या खोलीत मजुरीचा वाटा अडीच लाखांचा आहे आणि काम 15 टक्के बिलोने गेले. दीड लाख कमी झाले. ते कुठून निघणार? सळई जालन्यातच बनते, पण निविदा बिलो गेली म्हणून कुठली रोलिंग मिल भाव उतरवत नाही. सिमेंट, डिझेल, वाळू यांचे भाव बाजार ठरवतो. घासाघीस करता येते ती माणसाशी. मुख्य गुत्तेदार काम दुसऱ्याला उक्ते देतो, तो सेंट्रिंग एकाला आणि गिलावा दुसऱ्याला देतो, आणि प्रत्येक जण आपला वाटा ठेवून उरलेले खाली सोडतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मुकादम हातावर जे ठेवील, ती मजुरी. बाईला पुरुषापेक्षा कमी द्यायचे, हे तर इतके मुरले आहे की त्यावर कुणी भांडतही नाही. समान मजुरीचा कायदा तर 1976 सालीच झाला होता.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. किमान वेतन कायदा 1948 सालीच झाला, आणि रस्ते व इमारत बांधकाम हे त्याच्या अनुसूचीतले काम होते. राज्याचा कामगार विभाग दर सहा महिन्यांनी महागाईनुसार विशेष भत्ता जाहीर करतो, त्यामुळे जानेवारीत आणि जुलैत दर बदलतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने तर आणखी पुढे जाऊन सांगितले होते की मजुरी वाटताना मुख्य मालकाचा प्रतिनिधी हजर हवा, आणि गुत्तेदाराने पैसे बुडवले तर ते मुख्य मालकाने द्यावेत व नंतर गुत्तेदाराकडून वसूल करावेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही बुडवलेली मजुरी देण्याची मुख्य मालकाची जबाबदारी कायम आहे, शिवाय मजुरी बँकेतून द्यावी आणि किती दिली हे मुख्य मालकाला कळवावे, असेही म्हटले आहे. शाळाखोलीच्या कामात हा मुख्य मालक म्हणजे जिल्हा परिषद.

पण कंत्राटी कामगारांविषयीच्या या तरतुदी 50 किंवा त्याहून अधिक मजुरांच्या कामाला लागतात. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातल्या गावात दोन खोल्यांचे काम निघाले तर त्यावर किती माणसे असतात? आठ, दहा, स्लॅबच्या दिवशी वीस. जिल्हा परिषदेची बहुतेक छोटी कामे या जाळीतून खाली गळतात. किमान मजुरीचा हक्क त्या दहा जणांनाही आहे, तो मोजून घ्यायची रीत मात्र तिथे नाही. म्हणून निविदेच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. जे बंधन कायद्याने पन्नासाच्या वर ठेवले आहे, ते तुम्ही करारातून दहा जणांपर्यंत आणू शकता. त्यासाठी मुंबईहून नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही.

स्थानिक संस्थांनी हे फार पूर्वी केलेले आहे. 1889 मध्ये लंडनच्या स्कूल बोर्डाने ठरवले की आमच्या इमारती बांधणाऱ्याने मजुरांना रास्त वेतन दिलेच पाहिजे. शाळा चालवणाऱ्या संस्थेने आधी पाऊल टाकले आणि ब्रिटिश संसदेने तसा ठराव दोन वर्षांनी, 1891 मध्ये केला. अमेरिकेत 1931 च्या डेव्हिस-बेकन कायद्याने केंद्र सरकारच्या बांधकामांवर त्या भागातला चालू मजुरीदर देणे सक्तीचे झाले. सरकारी कामासाठी बाहेरून स्वस्त माणसे आणून स्थानिक मजुरी पाडली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1949 मध्ये सार्वजनिक कंत्राटांतल्या मजुरीवर स्वतंत्र करार केला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्या न्यायालयांनी मात्र याबाबत शंका ठेवलेली नाही. दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी बांधकामे चालली होती, त्यांवरच्या मजुरांच्या प्रकरणात 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम ही संविधानाच्या कलम 23 मधली सक्तीची मजुरी आहे. पुढच्याच वर्षी संजित रॉय खटल्यात राजस्थानातल्या एका रस्त्याचा प्रश्न आला. तो दुष्काळी कामातून सार्वजनिक बांधकाम विभाग बांधत होता. दुष्काळी काम म्हणजे एक प्रकारची मदतच, म्हणून तिथे किमान वेतन लागू नाही, असा राज्याचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला. 1972 च्या दुष्काळात ज्यांच्या घरच्यांनी खडी फोडली, त्या मराठवाड्यातल्या माणसाला हा निकाल समजावून सांगावा लागत नाही. 

त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी मोठी झाली. तिच्या मजुरीबद्दल माझी तक्रार आहे, 2025-26 मध्ये मनरेगाचा राज्यातला दर अवघा 312 रुपये होता. पण तिथे मस्टर, म्हणजे हजेरीपट, असते. मजुराचे नाव, दिवस आणि खात्यात गेलेली रक्कम कुणालाही पाहता येते. अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या बाईने बांधबंदिस्तीवर काम केले की तिची नोंद होते, तीच बाई पुढच्या महिन्यात गुत्तेदाराच्या खोलीवर गेली की कागदावरून पुसली जाते. पैसा दोन्हीकडे सरकारचाच आहे.

हे पुसले जाणे मजुराला पुढेही नडते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षातले 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जो गुत्तेदार हजेरीच ठेवत नाही, तो दाखला कशावरून देणार? मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर वसूल होतो आणि ज्याच्या नावाने होतो तो दाखल्यासाठी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवतो.

22 फेब्रुवारी 2025 ची पहाट या जिल्ह्याने विसरू नये. जाफराबाद तालुक्यातल्या पासोडी शिवारात पुलाच्या कामावरच्या मजुरांच्या शेडवर वाळूचा टिप्पर रिकामा झाला आणि आत झोपलेले पाच मजूर दगावले. ते काम कुणाचे, हा मुद्दा मी इथे काढत नाही, त्याची चौकशी करणारे वेगळे आहेत. मजुरांना कामाजवळ विनामूल्य तात्पुरता निवारा देणे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर बंधनकारक केले होते. पण कामावर किती माणसे राहतात, त्यांची नावे काय, हेच ज्याला मागितले जात नाही, तो त्यांच्या निवाऱ्याची फिकीर कशाला करील?

गुत्तेदारांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. थकीत देयकांसाठी राज्यभरातले कंत्राटदार 2025 मध्ये रस्त्यावर उतरले होते. ज्याचे बिल वर्षभर अडकले आहे, तो छोटा गुत्तेदार सावकाराचे व्याज भरील की शनिवारी मजुरी वाटील? म्हणून मजुरीची अट घालताना जिल्हा परिषदेनेही बिल वेळेत द्यायचे बंधन स्वतःवर घ्यावे. निदान मजुरीइतका हिस्सा तरी निधीची वाट न पाहता आधी सुटावा. खर्च वाढेल हा आक्षेप मला पटत नाही. मजुरीची रक्कम अंदाजपत्रकात धरून आपण मंजूर केलेली आहे, ती वाटेत कुणी खाऊ नये एवढेच मागणे आहे.

माझी विनंती अशी. कामावरच्या माहिती फलकावर कामाचे नाव, किंमत आणि गुत्तेदाराचे नाव असतेच, त्याखाली कुशल, अर्धकुशल आणि अकुशल मजुराचा त्या सहामाहीचा दर ठळक अक्षरांत लिहावा आणि बाई-पुरुषांना सारखाच, हेही लिहावे. प्रत्येक चालू बिलासोबत हजेरीपट आणि बँकेतून दिलेल्या मजुरीचा तपशील जोडावा, तो नसेल तर ठोकळ्यांचा अहवाल नसल्यावर जसे बिल थांबते तसे ते थांबावे. फार बिलो भरणाऱ्याकडून अतिरिक्त अनामत घेतली जाते, त्याच वेळी या दरात तो किती माणसांना किती मजुरी देणार याचा हिशेब लेखी घ्यावा. सुरक्षा अनामत परत करण्यापूर्वी मजुरांची देणी राहिली आहेत का, हे ग्रामसभेत विचारावे. आणि काम संपल्यावर त्याच हजेरीपटावरून शाखा अभियंत्याने मजुरांना 90 दिवसांचे दाखले द्यावेत, एकेकाला दाखल्यासाठी खेपा घालायला लावू नये.

सगळ्या आठ तालुक्यांत एकदम जमणार नसेल तर एका तालुक्यातल्या शाळाखोल्यांपासून सुरुवात करावी. पुढच्या निविदा सूचनेत ही अट घालणार की नाही, आणि घालणार नसाल तर कोणत्या कारणाने, याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या सूचना फलकावर लावावे, ही विनंती.

आपला,
जालना जिल्ह्यातील एक रहिवासी