पायरीवरचा रसिक

मराठी समीक्षेला रसिक ठाऊक आहे, चाहता ठाऊक नाही. रसिक म्हटला की गाण्याच्या बैठकीत दुसऱ्या रांगेत बसलेला, नेमक्या जागेला मान हलवणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. चाहता म्हटला की गळ्यात रुमाल बांधून ओरडणारा पोरगा. पहिल्याच्या मताला अभिरुची म्हणतात, दुसऱ्याच्या मताला नाद. ही विभागणी आम्हाला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही साहित्याच्या वाचकांपुढे फुटबॉलचा विषय काढत आहोत. त्यांनी थोडा धीर धरावा.

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी फुटबॉलचे काय, असे कोणीही विचारील. इथे मोकळ्या जागेत क्रिकेट चालते, जत्रेत कुस्ती, शाळेत खो-खो आणि कबड्डी. तरी चाहता आहे. आमचे एक स्नेही इथे शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान चालवतात. शिक्षणाच्या निमित्ताने ते काही वर्षे कोल्हापुरात होते. खोली शिवाजी पेठेत मिळाली आणि भाड्याबरोबर बाजूही ठरून आली: शिवाजी तरुण मंडळ. त्याच काळात, मे २००५ मध्ये, इस्तंबूलला युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे असताना लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि पेनल्टीवर चषक नेला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तेव्हापासून आमचे स्नेही लिव्हरपूलचे. सांगायचे ते एवढेच की त्यांच्या दोन्ही निष्ठा योगायोगाच्या आहेत, आणि दोन्ही अढळ आहेत.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे प्रेक्षक आपल्याच सुखदुःखाने विवश झालेला असणे. या कसोटीवर चाहता पहिल्याच फेरीत बाद होतो. कारण तो विवश होण्यासाठीच तिथे गेलेला असतो. आमच्या वर्गांतून हा मुद्दा इथेच संपतो. परंतु त्याच अभिनवगुप्ताने या विघ्नावरचा उपायही दिला आहे, आणि तो ध्यान किंवा तटस्थता असा नाही. वाद्ये, गान, सजवलेला मंडप हा तो उपाय. खाजगी सुखदुःखाने कोंडलेल्या माणसाला आधी सर्वांना सारखे ऐकू येणारे काहीतरी ऐकवावे, म्हणजे तो आपल्या कोठडीतून बाहेर येतो. हे वाचताना आम्हाला दरवेळी कुस्तीच्या फडातली हलगी आठवते.

कुस्तीला हलगी लागते, हे पश्चिम महाराष्ट्रात आणि आमच्या सोलापुराकडे कोणाला सांगावे लागत नाही. आता कोल्हापूरच्या फुटबॉलकडे पाहावे. तिथले संघ तालमींच्या पोटातून आलेले आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावेच ते सांगतात. इंग्रजांचा खेळ शाळा-कॉलेजांच्या वाटेने आला असेल. पण तो मुरला तालमीत, लाल मातीच्या शेजारी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून उभी आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठा बसतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. या मैदानावर बाजू घेणे म्हणजे आपल्या घराचा पत्ता सांगणे होय.

आमच्या स्नेह्यांचे संगीताविषयीचे एक मत इथे नोंदवण्याजोगे आहे. लग्नाच्या वरातीत किंवा जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लागला की ते वैतागतात. कारण मोठा आवाज नव्हे. हलगी, घुमके आणि कैताळ एकत्र वाजू लागले तर तो आवाजही काही कमी नसतो. त्यांचे म्हणणे असे, की हलगीवाला बघतो, डीजे बघत नाही. हलगीवाल्याची नजर मल्लाच्या हातांवर असते. पकड बसली की त्याची लय चढते, दोघे अलग झाले की तो उतरून येतो. म्हणजे तोही एक प्रेक्षकच, आणि त्याचे वाजवणे हे त्याचे मत. जिवंत संगीत कशाला म्हणावे यावर आम्ही परिसंवादांतून बरेच ऐकले आहे. समोरच्याकडे पाहून जे बदलते ते जिवंत, ही व्याख्या आम्हाला त्या सगळ्यांहून उपयोगी वाटते.

याच कसोटीने ते व्हिडिओ पंचाचाही निकाल लावतात. २०१८ च्या विश्वचषकात ही व्यवस्था पहिल्यांदा वापरली गेली आणि २०१९ च्या हंगामापासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आली. चुका कमी झाल्या हे त्यांना मान्य आहे. तक्रार वेगळी आहे: आता गोल झाला की ओरडावे की थांबावे हे कळत नाही. आनंद आधी, मंजुरी मागाहून. आम्ही त्यांना विचारले, मग इस्तंबूलचा सामना तुम्ही दरवर्षी पुन्हा का पाहता? तिथे तर सगळेच आधीपासून ठाऊक. ते म्हणाले की ठाऊक असल्याने काही बिघडत नाही, थांबवल्याने बिघडते. उत्कंठा आणि पुनर्वाचन यांचा संबंध शिकवताना आम्हाला यापुढे हे उदाहरण टाळता येणार नाही.

मग अशा माणसाला आपल्या साहित्याने कुठे ठेवले आहे? आमचे निरीक्षण असे की आपले साहित्य चाहत्याला एकाच अटीवर आत घेते: त्याने शेवटी कलावंत व्हावे. राम जोशी सोलापूरचे. घर शास्त्री-पुराणिकांचे, थोरले बंधू मुद्गल जोशी नामांकित, आणि धाकट्याला नाद धोंडी शाहिराच्या फडाचा. बंधूंनी घराबाहेर काढले. पंढरपुरात विद्या झाली. पुढे ते स्वतः शाहीर झाले म्हणून आपण त्यांचे चरित्र वाचतो. १९४७ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला तोही ‘लोकशाहीर राम जोशी’ या नावाचा. फड नुसताच पाहणाऱ्या, घरी बोलणी खाणाऱ्या आणि पुढेही नुसतेच पाहत राहिलेल्या त्यांच्या सोबत्यांचे चरित्र कोणी लिहिलेले नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधील (१९७८) गुणा हाही आधी चाहता आहे. तमाशाच्या वेडापायी तो फड उभा करतो, नाच्या होतो आणि घर गमावतो. कादंबरी थोर आहे. पण तीही चाहत्याला पायरीवरून उठवून बोर्डावर चढवल्यावरच त्याच्या मागे लागते. गुणा मजूरच राहिला असता आणि आठवड्यातून एकदा तमाशा पाहून घरी परतला असता, तर आपल्या कादंबरीला त्याच्याशी काय करावे हे सुचले असते का, याची आम्हाला शंका आहे.

अपवाद आहे, आणि तो लखलखीत आहे. ‘गणगोत’मधले पुलंचे रावसाहेब, बेळगावचे कृष्णराव हरिहर, शेवटपर्यंत ऐकणारेच राहतात. कानडी वळणाच्या मराठीत, शिव्यांच्या लडीत त्यांची दाद येते आणि तिच्यात पुस्तकी शब्द औषधालाही नसतो. तरी त्या दादीची किंमत गवय्यांना कळत होती. पुलंनी त्यांना कलावंत केले नाही. ऐकणे हेच एका माणसाचे कर्तृत्व असू शकते हे मराठी गद्याने तिथे एकदा मान्य केले, आणि मग बहुधा ते विसरून गेले. खेळाच्या बाजूने द्वारकानाथ संझगिरींचे नाव घ्यावे लागेल. मुंबई महापालिकेत अभियंत्याची नोकरी करत त्यांनी क्रिकेटवर लिहिले, आणि चित्रपटगीतांवर व प्रवासावरही. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात चाहता कधी लपलेला नसे; आमच्या मते तोच त्याचा गुण. पण त्यांची पुस्तके आपण क्रीडाविभागात ठेवतो, ललित गद्याच्या अभ्यासक्रमात नाही.

या सगळ्यात एक बाजू आम्ही अद्याप घेतली नाही, ती घराची. राम जोशींच्या आणि गुणाच्या गोष्टीत घर हे फक्त सोडून जाण्याचे ठिकाण असते. आमचे स्नेही कुठेही जात नाहीत. हिवाळ्यात इंग्लंडमधले शनिवार दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात. तीच घरात मालिकांची वेळ. टीव्ही एक असताना यावरून रोज वाद व्हायचा आणि प्रत्येकाला आपल्या आवडीची बाजू मांडावी लागायची. आता ज्याच्या त्याच्या हाती फोन आहे. वाद मिटला, आणि मते बोलून दाखवण्याचे कारणही मिटले. चाहत्याच्या नादाला रात्रीचा चहा कोण देतो, हा प्रश्न मात्र फोनने सुटलेला नाही.

१८ डिसेंबर २०२२ च्या अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामन्याला ते घर पुन्हा एका पडद्यापुढे बसले, आम्हीही होतो. सुरुवात साडेआठचीच. अर्जेंटिनाचे पहिले दोन गोल मध्यंतरापूर्वी झाले. तेव्हा स्नेह्यांच्या आई भाकऱ्या करत होत्या. मग जेवणे, मग आवराआवर. त्या पदराला हात पुसत येऊन बसल्या तेव्हा ऐंशीवे मिनिट जवळ आले होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एम्बापेने लागोपाठ दोन गोल केले. ज्यादा वेळात त्याने तिसरा केला. सामना ३-३, पेनल्टीवर अर्जेंटिना विजयी. घर नाचत होते. आईंनी विचारले, “तीन गोल मारून बी हरला व्हय रं त्यो?” कोणी उत्तर दिले नाही. मेस्सीचा पहिला गोल त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांच्या हिशेबी सामना सुरू झाला तोच त्या पोरापासून.