सरकारच्या जनावरांची चराई कोण भरणार?



१८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. एकाचे ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरले तर ते कोंडवाड्यात घालायचे, मालकाने दंड भरून सोडवून न्यायचे. १९२७ च्या वन कायद्याने हाच न्याय राखीव जंगलाला लावला. ज्यांचे केस आज पिकले आहेत त्यांच्यापैकी कित्येकांनी बैलजोडी सोडवायला वनरक्षकापुढे हात जोडलेले आहेत. न्याय वाईट नव्हता. ज्याचे जनावर, त्याने नुकसान भरावे. तक्रार एवढीच की हा न्याय एकाच बाजूने चालतो. आमची गाय सरकारच्या जंगलात गेली की अतिक्रमण. सरकारचे डुक्कर आमच्या शेतात आले की निसर्ग!

डुक्कर सरकारचे कसे, असे कोणी विचारील. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून पाहा. कलम ३९ सांगते की उपद्रवी म्हणून जाहीर न झालेले वन्य जनावर मारले गेले किंवा मेलेले सापडले तर ती सरकारची मालमत्ता. म्हणजे मेलेले डुक्कर सरकारचे. मग जिवंतपणी आमच्या सोयाबीनचे तास उकरणारे डुक्कर कोणाचे? मेल्यावर मालकी सांगणाऱ्याने जिवंतपणीची जबाबदारी का टाळावी?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते तिकीट काढून ताडोबा पाहून आलो. ज्याच्या नावाने आपल्या रात्री जातात ते घर एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून गेलो. जंगल सुंदर आहे, हे कबूल करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. साग आहे, बांबू आहे, तळे आहे. वाघाशी झुंजताना पडलेल्या तारूचे ठाणे त्या तळ्याकाठी आहे; गोंड लोक त्याला देव मानतात, त्याच्याच नावावरून ताडोबा. आम्हाला चितळ दिसले, गवे दिसले, दुपारी वाघीणही दिसली. गाडीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला, आम्हीही रोखला.

पण आमचे लक्ष नियमांकडे जास्त होते. गाडीतून उतरायचे नाही. रस्ता सोडायचा नाही. वाटाड्या बरोबर हवाच. आवाज करायचा नाही. ठरल्या वेळी आत, ठरल्या वेळी बाहेर. मंगळवारी बंद. पावसाळ्याचे तीन महिने गाभा बंद. जनावरांच्या घरात माणसाने कसे वागावे याचा एवढा बारीक विचार सरकारने केलेला आहे! फाटकाबाहेर आलो की माणसाच्या शेतात जनावराने कसे वागावे याचा नियम एकही नाही. वाघाला आठवड्याची सुटी आहे. जागलीवर बसणाऱ्याला नाही. आणि जे तीन महिने आत बंद असतात, तेच आमच्या पेरणीचे आणि पीक वाढण्याचे महिने.

हे जंगल वाढत कसे गेले तेही समजून घ्या. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. २०१० साली त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर जाहीर झाला. रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये धक्का सोसायला जे बसवतात त्याला बफर म्हणतात. आमच्या गावांना सरकारने नाव अगदी बरोबर दिले आहे.

आता ज्वारीचे पाहा. कापसाच्या या मुलखात घरटी ज्वारी होती. ती का गेली? भाव नव्हता, हे पहिले कारण, आणि ते आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. पण जंगलाकाठच्या गावात दुसरेही कारण आहे. कणीस भरले की पाखरे, डुकरे आणि रोही ते घरी येऊ देत नाहीत. म्हणून ज्वारी सोडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला म्हणून ढोरे चरायला जंगलाच्या कडेला न्यावी लागतात. तिथे वाघ ढोर मारतो, कधी गुराखी मारतो. मग शहरातला विद्वान विचारतो, हे लोक जंगलात जातातच कशाला? २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या सहलीला गेल्या नव्हत्या. घरातले पीक पोटाला पुरत असते तर उन्हाच्या कारात पानांसाठी कोण जाईल?

सरकार म्हणते, भरपाई देतो. माणूस गेला तर द्यायची रक्कम २०२३ साली २५ लाख केली, हे खरे. पण पिकाचे काय? अर्ज करा, पंचनाम्याची वाट पाहा, तोवर उकरलेले तास तसेच ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक तोड काढली. २०२६ च्या खरिपापासून वन्य जनावरांनी केलेले नुकसान पीक विम्यात घेता येईल. ७२ तासांत मोबाईलवर फोटोसकट कळवायचे. म्हणजे जनावर सरकारचे, त्याच्याविरुद्ध विमा उतरवायचा शेतकऱ्याने, हप्त्यालाही हात लावायचा शेतकऱ्याने! कोंडवाड्यातून बैल सोडवताना सरकारने आम्हाला विमा दाखवायला सांगितले नव्हते. रोख दंड घेतला होता.

कोणी सांगतो, झटका मशीन लावा. लावली. एकाने तार ओढली की कळप शेजाऱ्याच्या धुऱ्याने आत येतो. एकाचे वाचते, दुसऱ्याचे जाते, आणि भाऊबंदकी वाढते ती वेगळी. पिचलेला कोणी थेट विजेची तार सोडतो. त्यात डुक्कर मरते, वाघ मरतो, माणूसही मरतो. तो मार्ग आपला नाही, हे इथे स्पष्ट सांगतो.

आम्ही वाघाचे वैरी नाही. २००६ साली महाराष्ट्रात १०३ वाघ मोजले होते, २०२२ साली ४४४. या वाढीचे सत्कार होतात, पदके वाटली जातात. त्या वाघाच्या भक्ष्याला चारा कोणी घातला? आमच्या तुरीने, हरभऱ्याने, ज्वारीने. वाघ डुकरे खातो, त्या अर्थाने तो आमचा मित्रच. पण मित्राच्या जेवणाचे बिल एकट्याच्या माथी मारू नये. शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी जी मांडणी केली, तिचा पुरावा हवा असेल तर ताडोबाच्या फाटकावर उभे राहा. एका बाजूने इंडियाची जीप आत जाते, दुसऱ्या बाजूने भारताचे पीक जनावराच्या पोटातून आत जाते.

तेव्हा मेळाव्यात पुढील मागण्यांवर बोलावे आणि ठराव करावेत.

एक: जंगलाकाठच्या प्रत्येक एकराला दरवर्षी चराई द्या. भरपाई नको, पंचनामा नको. आमच्या शेतावर तुमचा कळप चरतो, त्याचा हा खंड आहे. पर्यटनाच्या उत्पन्नातून तो पहिल्यांदा वजा व्हावा.

दोन: कुंपण करायचे तर सबंध गावाच्या शिवेला करा, सरकारी खर्चाने, देखभालीसकट.

तीन: उभ्या पिकाचा नाश करणारे डुक्कर आणि रोही मारण्याची परवानगी कलम ११ मध्ये आहेच. ती गावाजवळच्या अधिकाऱ्याकडून, पीक उभे असतानाच मिळाली पाहिजे. २०१५ च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत ही दोन्ही जनावरे वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर झाली होती. तिथे जमते ते इथे अशक्य कसे?

चार: पीक परवडत नसेल तर स्वतःच्या शेतात जंगल राखण्याचे, पाहुणे उतरवण्याचे आणि त्याचा पैसा घेण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे. आमच्या धुऱ्यावर आलेला वाघ दाखवायचा मक्ता फक्त मोठ्या हॉटेलवाल्यांचा का?

यातले काहीही भीक म्हणून मागत नाही. ज्याचे जनावर, त्याने नुकसान भरावे, हा सरकारचाच जुना कायदा आहे. आम्ही तो दीडशे वर्षे पाळला. आता सरकारची पाळी.

मेळाव्याला येताना आपल्या गावातील या हंगामाच्या नुकसानीची यादी आणा: शेतकऱ्याचे नाव, पीक, एकर आणि जागलीच्या रात्री. त्या रात्रीही हिशेबात धरायच्या आहेत.