चौथा नंबर आणि पगाराची नोकरी

नेव्हिल डिसोझा हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? मूळचे गोवेकर, खेळले मुंबईकडून. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. त्या चारपैकी तीन गोल एकट्या डिसोझांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू.

उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी होता. १९५२ साली हेलसिंकीला याच देशाने आपल्याला १०-१ असे लोळवले होते. चार वर्षांनी त्यांच्याविरुद्ध पहिला गोल केला तो डिसोझांनी. पुढे आपण ४-१ ने हरलो, कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाने ३-० ने जिंकला आणि भारत चौथा आला. चार गोल करून डिसोझा स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीत राहिले. पदक मात्र नाही. आपल्याकडे चौथ्या नंबराला फोटो नसतो, म्हणून नावही उरत नाही. १९८० साली, पन्नाशीच्या आतच, ते गेले.

पण मला आज वेगळेच सांगायचे आहे. असा आघाडीचा खेळाडू तयार कसा होतो?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये व्हिव्हियन वुडवर्ड नावाचा आघाडीचा खेळाडू होता. टॉटनहॅम आणि चेल्सीकडून खेळला, इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २९ गोल केले, १९०८ आणि १९१२ च्या सुवर्णपदक विजेत्या ऑलिंपिक संघांचा कर्णधार होता. तो हौशी खेळाडू होता, खेळाचे पैसे घेत नसे. कौतुकच आहे. पण तो वास्तुविशारद होता, हेही लक्षात घ्या. ज्याची चूल दुसऱ्या कमाईवर पेटते, त्यालाच हौस परवडते.

आपल्याकडे ही सोय मुंबईच्या कंपन्यांनी केली. डिसोझा टाटांच्या आणि पुढे कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळले. कंपनीच्या संघात खेळायचे म्हणजे नावापुढे नोकरी, महिन्याला पगार आणि सरावाला सवड. त्यामुळे साध्या घरातल्या मुलालाही मैदान सोडावे लागत नसे. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासून चालली आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली. कंपन्यांचे जुने संघही एकेक करून विरले.

आता आमच्या आंदर मावळाकडे पाहा. ठोकळवाडीचे धरण टाटांनीच बांधले. इथल्या पाण्याची वीज मुंबईला गेली. आज खुद्द टाकव्यात कारखाने आहेत. गावातली मुले तिथे कामाला जातात, पण बरीचशी कंत्राटावर. बारा तासांची पाळी करून आलेला पोरगा संध्याकाळी मैदानावर काय धावणार? दहावीपर्यंत कबड्डीत, कुस्तीत चमकलेली मुले विशी गाठायच्या आत खेळ सोडतात, आणि आपण म्हणतो, ‘हल्ली मुलांना चिकाटी नाही.’ चिकाटी आहे हो, वेळ नाही!

काही जण म्हणतील, कारखाने उत्पादनासाठी असतात, धर्मादाय कामासाठी नव्हे. मान्य. पण कंपनीचे नाव छातीवर घेऊन खेळणारा संघ ही भीक नव्हे, जाहिरातच आहे. प्रत्येक कारखान्याने दोन-तीन खेळाडूंना कायम नोकरी आणि सरावाला रोज दोन तास दिले, तरी तालुक्याचा एक चांगला संघ उभा राहील. ग्रामपंचायतीनेही कारखानदारांकडे कमानीसाठी वर्गणी मागण्याआधी ही मागणी करावी.

पालक विचारतात, ‘गुरुजी, खेळून पोट भरतं का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषणाने देता येत नाही, नेमणुकीच्या पत्रानेच देता येते. ते पत्र हातात पडले की पदकाचे पुढे पाहू. चौथा नंबर आला तरी मी पेढे वाटीन.