खेळ आपला, तर किंमतही आपणच ठरवू

‘चळवळीचं काम आहे ना? मग पैसे कसले मागतोस?’ मीरा रोडच्या शांती नगरमधल्या एका तरुणाला हे ऐकावं लागलं, आणि ऐकवणारे आपलेच जय भीमवाले होते. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने नुसत्या मजकुरावर चालणारा एक मोबाइल गेम मराठीत लिहिला आणि त्याची किंमत ५० रुपये ठेवली.

या गेममध्ये चित्रं नाहीत, बंदुका नाहीत. तुम्ही भाड्याचं घर शोधायला निघता. एजंट विचारतो, ‘पूर्ण नाव काय?’ खाली तीन पर्याय: आडनाव सांगा, फक्त नाव सांगा, विषय बदला. काहीही निवडा, पुढचा प्रश्न तयारच असतो. गाव कोणतं? नॉनव्हेज खाता का? भिंतीवर फोटो कोणाचा लावणार? कथा वाचताना आपण दुसऱ्याचा अपमान बघतो. इथे उत्तर आपल्याच बोटाने द्यावं लागतं.

असे गेम बनवायला ट्वाइन नावाचं मोफत साधन २००९ पासून उपलब्ध आहे. तयार होते ती एकच एचटीएमएल फाइल, साध्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणारी. साधन फुकट म्हणून मेहनतही फुकट, असा हिशोब आपले लोक लावतात. मित्रांनो, हा तर जातीचाच हिशोब झाला! गावकीची कामं करा, मोबदल्याचं मात्र विचारू नका. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं, ते याच राबणुकीतून समाजाला सोडवण्यासाठी. आज ती वेठ आपणच आपल्या पोरांवर लादणार का?

‘पण किंमत ठेवली तर लोकांपर्यंत पोहोचणार कसं?’ हा प्रश्नही जुनाच. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने कच खाल्ली, तेव्हा बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वखर्चाने छापलं. किंमत आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मधून सुचवलं, ती दोन आणे, निदान चार आणे करा. आणि वाचकांनी काय केलं? इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपवल्या. आजही ६ डिसेंबरला दादरला येणारा माणूस पदरचे पैसे मोडून पुस्तकं गावी नेतो. पुस्तकाला जो न्याय, तो गेमला का नाही?

आता विक्रीचं बोलू. स्टीमवर प्रत्येक गेमसाठी आधी १०० डॉलर भरावे लागतात, वर विक्रीतले साधारण ३० टक्के ते कापतात. पन्नास रुपयांच्या गेमला हे दुकान परवडणारं नाही. इच डॉट आयओवर नोंदणी मोफत आहे, त्यांना किती टक्के द्यायचे ते विकणारा ठरवतो आणि ग्राहक स्वखुशीने जास्तही देऊ शकतो. पण तिथे यूपीआय चालत नाही. पेपालने तर १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोयच बंद केली. म्हणजे लंडनचा माणूस गेम घेणार, आणि फक्त यूपीआय वापरणारी नालासोपाऱ्याची विद्यार्थिनी दाराबाहेर उभी राहणार!

म्हणून दोन दारं ठेवा. परदेशासाठी इच, आपल्या माणसांसाठी क्यूआर कोड, पैसे आले की फाइल पाठवायची. फाइल फॉरवर्ड होणार, हे गृहीत धरा आणि गेमच्या शेवटच्या पानावरही तोच क्यूआर टाका. ज्याला खरंच परवडत नाही त्याला मोफत प्रत जरूर द्या. पण ती लेखकाने आपणहून द्यायची. आपण हक्काने उकळायची नाही.

जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर, जून २०२० मध्ये, याच इचवर शेकडो गेमचा एक संच किमान ५ डॉलरला विकला गेला. वर्णभेदाविरुद्धच्या कायदेशीर लढ्यासाठी आणि जामिनांसाठी ८० लाख डॉलरहून जास्त जमले. किंमत लावली म्हणून ती चळवळ बाटली नाही.

तेव्हा आपल्या मंडळांना साधी विनंती. जयंतीला डीजेच्या एका रात्रीसाठी जेवढं भाडं मोजता, तेवढ्यात ५० रुपयांच्या किती प्रती येतात, याचा हिशोब पुढच्या बैठकीत मांडा. आणि मग त्या प्रती विकत घ्या.

जय भीम!